दाखल्यावरचा वंशाचा रकाना

कुणबी नोंदींसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला कोतवाल बुकाचं मोल सांगावं लागत नाही. जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरातली एक मोडी ओळ, तीत बाळाच्या बापाची जात, आणि त्या ओळीवर आज पणतवंडांचा दाखला उभा. अमेरिकेत हे काम वंशाच्या रकान्याने केलं. त्याची कुळकथा व्हर्जिनियातून सांगायला हवी, कारण तिथे या रकान्याने माणसं पुसली.

व्हर्जिनियात १८५३ सालापासून जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली. ती करायचे करवसुलीचे अधिकारी, वर्षातून एकदा. गुलाम बाईला मूल झालं, तर त्या नोंदीत मालकाचं नाव लिहिलं जाई. जन्माची खबर आणि मालमत्तेची मोजदाद एकाच वहीत होत होती.

१९१२ मध्ये राज्याचं स्वतंत्र नोंदणी कार्यालय झालं. त्याचे प्रमुख डॉ. वॉल्टर प्लेकर १९४६ पर्यंत त्या खुर्चीत होते. १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याने ठरवलं की, ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा मागमूस नाही तोच गोरा. सवलत एकच: मूलनिवासी रक्त एक सोळांशापर्यंत असेल तर चालेल. पोकाहॉन्टस या मूलनिवासी स्त्रीचे वंशज म्हणवणाऱ्या बड्या घराण्यांसाठी ही फट ठेवली होती.

त्याच वर्षी लिंचबर्गच्या एका आईला प्लेकरांचं पत्र आलं. सुईणीने सही केलेल्या दाखल्यात बाळाचे आईबाप दोघेही गोरे लिहिले होते. प्लेकरांनी कळवलं की बाप काळा असल्याची खबर आमच्याकडे आहे, हे मूल गोरं म्हणून खपवता येणार नाही, गोऱ्या मुलांत त्याला मिसळू देऊ नका, त्यांच्या शाळेत घालू नका. तान्ह्या बाळाच्या घरी आलेलं हे सरकारी कागदावरचं पत्र वाचताना आजही हात थबकतो.

मूलनिवासींशी तर त्यांचं उघड वैर होतं. व्हर्जिनियात खरा इंडियन उरलेलाच नाही, सगळे मिश्र, म्हणून ‘कलर्ड’, हा त्यांचा हट्ट. जुन्या दाखल्यांच्या पाठीवर ते तसा शेरा मारून ठेवत. १९४३ मध्ये त्यांनी जिल्ह्याजिल्ह्याच्या नोंदणीदारांना संशयित आडनावांची यादीच धाडली. आडनावावरून माणसाची पारख कशी होते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. त्या कायद्यातली मिश्रविवाहबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये लव्हिंग खटल्यात मोडली, पण कागद तसेच राहिले. पुढे मूलनिवासी जमातींवर केंद्राची मान्यता मागताना ‘तुम्ही सलग इथेच होता’ हे सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा कागदच आड आले. मोनॅकन, चिकाहोमिनी, रॅपाहॅनॉक अशा सहा जमातींना ती मान्यता अखेर जानेवारी २०१८ मध्ये मिळाली, तीही संसदेने खास कायदा केला तेव्हा.

देशपातळीच्या आकडेवारीत द्वेष नव्हता, पण नियम त्याच मुशीतला. १९८८ पर्यंत एक पालक गोरा आणि दुसरा नसेल, तर मूल दुसऱ्याच्या वंशात मोजलं जाई. १९८९ पासून आईचा वंश धरू लागले. बाळं तीच, पण रकाने बदलल्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडचे नि पलीकडचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. आज दाखल्याच्या नमुन्यात बाळाचा वंश विचारतच नाहीत, फक्त आईबापांचा. न्यू जर्सीतली मराठी आई तिथे ‘एशियन इंडियन’वर खूण करते.

मृत्यूच्या दाखल्यावर मात्र हा रकाना अंत्यविधी करणारा भरतो. त्याने घरच्यांना विचारून लिहावं अशी अपेक्षा आहे, पण पुष्कळदा नुसतं पाहून लिहिलं गेलं. १९८३ ते १९८५ दरम्यान दगावलेल्या तान्ह्या बाळांचे दोन्ही दाखले संशोधकांनी शेजारी ठेवून पाहिले. जन्मनोंदीत गोऱ्या असलेल्या बाळांत फरक नगण्य होता. जी बाळं जन्मतः गोरीही नव्हती आणि काळीही नव्हती, त्यांच्यातल्या शंभरांतल्या चाळिसांहून अधिक जणांचा वंश मृत्यूच्या दाखल्यावर बदललेला होता. बालमृत्यूच्या भागाकारात वरचा आकडा मृत्यूच्या दाखल्यांवरून यायचा, खालचा जन्माच्या. मूलनिवासी म्हणून जन्मलेलं मूल गोरं म्हणून गेलं, की त्या जमातीचा बालमृत्यूदर कागदावर खाली यायचा.

म्हणून आता तिथे दगावलेल्या बाळाचा मृत्यूदाखला त्याच्या जन्मदाखल्याशी जोडतात आणि आईने स्वतःचा सांगितलेला वंशच धरतात.