शिधा, निवारा आणि शाळा : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात विद्यार्थी-वसतिगृहांचा विचार

शहरातील तरुणांच्या उन्नतीचा इतिहास लिहिताना सामान्यतः शाळा, महाविद्यालये, वाचनालये आणि आखाडे यांची जंत्री दिली जाते. ही साधने महत्त्वाची खरी. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट कोणाला मोकळी होती, हा प्रश्न अशा जंत्रीतून उलगडत नाही. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावाचा विचार केला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. ब्रिटिश अमदानीत अशा गावी मराठी शाळेच्या इयत्ता संपल्या की पुढील इंग्रजी शिक्षणासाठी मुलाला पंढरपूर, बार्शी, सोलापूर किंवा थेट पुणे गाठावे लागे. करकंबहून पंढरपूर वीसएक किलोमीटर, म्हणजे रोज पायी जाऊन येण्याजोगे नव्हे. त्यामुळे शाळेत नाव घालण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागत : मुलाने जेवायचे कोठे आणि निजायचे कोठे? महाराष्ट्रातील शहरांनी या दोन प्रश्नांची जी उत्तरे वेळोवेळी दिली, त्यांतच तेथील तरुणांच्या संधींचा खरा इतिहास सामावलेला आहे.

यांपैकी जुने उत्तर वाराचे व माधुकरीचे होय. आठवड्यातील सात दिवस सात घरी जेवण्याची व्यवस्था लावून किंवा दारोदारी अन्न मागून गरीब विद्यार्थी शिकत असत. पुण्यासारख्या शहरात अनेक पिढ्या या प्रथेवर पोसल्या गेल्या आणि पुढे नावारूपाला आल्या. त्या मागे समाजाची उदारता होती, हे नाकारता येत नाही. तथापि शिजवलेल्या अन्नाला जातीचे कडक नियम असल्यामुळे ही उदारता बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरतीच मर्यादित राहिली. शिवाय ती यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजेच आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, विखुरलेल्या दानाला संस्थेचे रूप दिले, ही या प्रथेच्या विकासातील पुढील पायरी म्हणता येईल.

या मर्यादेतून बाहेर पडण्याचा पहिला मोठा प्रयोग कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ च्या सुमारास सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. परंतु व्यवहारात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. दार सर्वांना उघडे ठेवल्याने सर्वजण आत येतात असे नव्हे, हा धडा महाराजांनी त्यातून घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच वर्षी जैन वसतिगृह सुरू झाले. त्यानंतरच्या काळात मुसलमान, लिंगायत, शिंपी, अस्पृश्य अशा विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांना दरबाराने जागा, इमारती व वार्षिक नेमणुका दिल्या; पण कारभार त्या त्या समाजातील पुढाऱ्यांच्या हाती राहिला. जातवार वसतिगृहांनी जातिभेद टिकवला, असा आक्षेप या धोरणावर घेतला जातो आणि तो निराधार नाही. मात्र ज्या समाजांतून त्यापूर्वी एखादाच मुलगा माध्यमिक शाळेत पोहोचत असे, त्यांच्यापुढे तेव्हा दुसरा व्यवहार्य मार्ग कोणता होता, याचाही विचार करावा लागतो.

सोलापूर शहरात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा होता. ते संस्थानी राजधानीचे नव्हे, तर गिरण्यांचे व हातमागांचे शहर होते. तेथे तरुणाला मजुरी मिळे. पण अस्पृश्य विद्यार्थ्याला राहण्यास खोली मिळणे दुरापास्त होते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक शाळा, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असल्याचे जाहीर केले. परंतु ठरावाने शाळेचे दार उघडले, तरी शहरात बिऱ्हाड मिळत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहांच्या द्वारे शिक्षणप्रसार, वाचनालये व अभ्यासवर्ग यांच्या द्वारे संस्कृतिसंवर्धन आणि औद्योगिक व शेतकी शाळांच्या द्वारे आर्थिक सुधारणा, अशी तीन अंगे होती. यांतील वसतिगृहाचा क्रम पहिला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यानुसार जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, निवास, कपडे व लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला आणि नगरपालिकेचेही अनुदान मिळाले. येथे देणारा यजमान आणि घेणारा आश्रित हे नाते मागे पडते. समाज स्वतः संघटित होऊन आपल्या मुलांची तरतूद करतो आणि नगरसंस्थेकडे तो भिक्षा नव्हे, तर नागरिक म्हणून आपला वाटा मागतो. हे वसतिगृह लहान होते. पण नात्यातील हा बदल मोठा होता.

तिसरे वळण श्रमाचे होय. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि आपली कामे आपणच करीत. ‘कमवा व शिका’ या योजनेने विद्यार्थ्याच्या अन्नाला दानाऐवजी कष्टाचा आधार दिला. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ पासून बहुजन समाजातील मुलांच्या शिक्षणाचे जे कार्य उभारले, त्याचाही पाया वसतिगृहच होता.

पंढरपुरातील उदाहरण करकंबच्या सर्वांत जवळचे आहे. तीर्थक्षेत्री धर्मशाळांची उणीव नव्हती; परंतु इतर धर्मशाळांत अस्पृश्य वारकऱ्यांस थारा नव्हता, म्हणून गाडगे महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधविली. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, गाडगे महाराजांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि ती वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी आली. वारीसाठी जमलेला लोकांचा पैसा अशा रीतीने शिक्षणाकडे वळला. समाजाजवळ नवे द्रव्य नसले, तरी असलेल्या वास्तूला नवा हेतू देता येतो, हे यावरून दिसते.

या सर्व वृत्तांतात मुलींचा उल्लेख क्वचितच येतो. वार लावून जेवण्याची वा माधुकरी मागण्याची वाट मुलीला नव्हती. म्हणून तिच्या बाबतीत निवाऱ्याचा प्रश्न अधिकच निकडीचा होता. पंढरपुरात १८७५ मध्ये उभा राहिलेला बालकाश्रम आणि महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात काढलेला अनाथ बालिकाश्रम यांचे मूळ आसरा देण्यात होते; कर्वे यांच्या संस्थेत त्या आसऱ्यातूनच शिक्षण वाढत गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात हा भार हळूहळू शासनाने स्वीकारला. १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या विद्यार्थ्यांना फीची सवलत मिळाली. शासकीय वसतिगृहेही वाढली. फी माफ झाली तरी अन्नाचा खर्च उरतोच, याची कबुली पुढे २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेत दिसते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना तीत भोजन व निवासासाठी थेट रक्कम दिली जाते. ती निःसंशय हक्काची आहे आणि वाराच्या अन्नातील लाचारी तीत नाही. तथापि जुन्या वसतिगृहात अन्नाबरोबर एक पंक्ती, एक शिस्त आणि वडीलधाऱ्याची नजरही मिळत असे. ती बँकेच्या खात्यात जमा होत नाही. करकंबहून शहरात येणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला पैशाबरोबर हा सहवास कोण देणार, याचे उत्तर केवळ शासनाने नव्हे, तर त्याला सामावून घेणाऱ्या शहरानेही द्यावयाचे आहे.