भूगर्भजलांतील चिमुकल्या गोगलगायींचा शोध

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आज ज्यांच्या शोधाचा इतिहास सांगावयाचा आहे, ते जीव मात्र मोहरीच्या दाण्याएवढेच आहेत. या आहेत जमिनीखालच्या पाण्यांत, निबिड अंधारांत राहणाऱ्या गोगलगायी. आणि त्यांचें स्थान आहे अमेरिकेंतील टेक्सास राज्य.

तेथील चुनखडीच्या खडकांत ‘एडवर्ड्स’ नांवाचा प्रचंड जलसंचय आहे. पावसाचें पाणी भेगांतून झिरपतें, चुनखडी विरघळवीत वाटा करतें, आणि पुढें झऱ्यांच्या रूपानें वर येतें. त्या अरुंद पोकळ्यांत मनुष्यास शिरकाव नाहीं. मग तेथील प्राण्यांची वार्ता कळावी कशी? ती पाण्यानेंच आणून दिली.

सान मार्कोस येथें मत्स्यसंवर्धनासाठीं खोदलेल्या एका खोल विहिरींतून पाणी आपल्याच जोरानें उसळत असे. त्याबरोबर आंधळे, पांढुरके सॅलमँडर बाहेर पडूं लागले. 1896 सालीं स्टायनेगर या प्राणिशास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें दहा वर्षांनीं, 1906 मध्यें, गोगलगायींची पाळी आली. फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमींतील हेन्री पिल्सब्री आणि जोलिएट येथील वृत्तपत्राचे संपादक जेम्स फेरिस, या दोघांस ग्वादालूप नदीच्या पुरानें कांठीं टाकलेल्या गाळांत कांहीं सूक्ष्म शंख आढळले. त्यांतील एका जातीस त्यांनीं ‘मायक्रा’, म्हणजे चिमुकली, असें नांव दिलें.

पण हातीं आले होते ते केवळ रिकामे शंख. ओसाड वाड्याच्या भिंती पाहून त्यांत नांदलेल्या कुटुंबाचें गोत्र सांगावें, तसाच हा प्रकार. अंधारांतील अनेक गोगलगायींचे शंख परस्परांशीं नातें नसतांहि सारखे दिसतात. त्यामुळें ही जाति आधीं एका घराण्यांत घातली गेली, मग दुसऱ्या. तिचें खरें घर कोणतें, हें ऐंशी वर्षें ठरलें नाहीं.

तो उलगडा 1986 सालीं झाला. ग्लेन लाँगले यांनीं सान मार्कोसच्या त्याच विहिरीच्या तोंडाशीं जाळीं लावून प्राणी जमविले. रॉबर्ट हर्शलर यांच्यासह त्यांनीं अशा गोगलगायींचें मऊ शरीर सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें. जिभेवरील दांतांची पट्टी आणि जननेंद्रियें पाहिलीं. तेव्हां कळलें कीं, ‘मायक्रा’चें घराणें स्वतंत्रच आहे. त्यास त्यांनीं ‘फ्रिॲटोड्रोबिया’ असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत ‘फ्रेआर’ म्हणजे विहीर. ऑस्टिन येथील बार्टन झऱ्यांतील एका गोगलगायीसहि त्याच लेखांत प्रथम नांव मिळालें.

कोणी विचारील, मोहरीएवढ्या जीवाच्या नांवासाठीं एवढा खटाटोप कशाला? त्याचें उत्तर त्याच प्रदेशाच्या इतिहासांत आहे. सान अँटोनिओ शहर आणि सभोंवतालची शेती याच जलसंचयांतून पाणी उपसतात. दीर्घ अवर्षणानंतर 1956 सालीं कोमाल येथील मोठे झरे कित्येक महिने आटले. पुढें विहिरी वाढत गेल्या आणि वाद न्यायालयांत पोहोंचला. 1896 सालीं नांव मिळालेला तो आंधळा सॅलमँडर 1967 पासून सरकारच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत होता. त्याच्या व झऱ्यांतील इतर नामांकित जीवांच्या आधारें न्यायालयानें निर्णय दिला, आणि 1993 सालीं राज्याच्या विधिमंडळानें उपशावर मर्यादा घालणारी संस्था स्थापिली.

कायद्यापुढें उभें राहण्यास प्रथम नांव लागतें. शाळेच्या हजेरीपटावर ज्याचें नांव नाहीं, तो मुलगा गैरहजर राहिला हें मास्तरांसहि कळत नाहीं. या गोगलगायींपैकीं कांहीं तर एक-दोन विहिरींतून किंवा झऱ्यांतूनच ठाऊक आहेत. तेवढें पाणी आटलें तर त्या जगांतून नाहींशा होतील. निदान त्यांची आतां नोंद झाली आहे. ज्यांची व्हावयाची आहे, त्या जाति त्याच अंधारांत, त्याच पाण्याच्या भरंवशावर जगत आहेत.