आईच्या प्लेटलेट्स व्यवस्थित, मग बाळाच्या कमी कशा?

मोडनिंब (ता. माढा, जि. सोलापूर) परिसरात ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की आधी डेंग्यू आठवतो. बोलताना त्यांना ‘पांढऱ्या पेशी’ही म्हणतात, पण त्या वेगळ्या. इथे विषय रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सचा आहे. निरोगी बाळात त्या दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात.

नवजात बाळात त्या कमी होण्यामागे अनेकदा जंतुसंसर्ग किंवा जन्मावेळी गुदमरणं असतं. पण बाळ एरवी ठणठणीत असेल, तर डॉक्टर आईचं रक्त तपासतात.

गरोदरपणात आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि आजारांपासून त्याचं रक्षण करतात. त्याच वाटेने नको ती प्रतिपिंडंही जातात. आईला आयटीपी हा आजार असेल, तर प्रतिपिंडं तिच्या आणि बाळाच्याही प्लेटलेट्स नष्ट करतात. दुसऱ्या प्रकारात आईचा आकडा अगदी नॉर्मल असतो. बाळाच्या प्लेटलेट्सवर वडिलांकडून आलेलं, आईकडे नसलेलं प्रथिन असतं; तिचं शरीर त्याला परकं समजतं. आरएच रक्तगटासारखंच हे, फक्त इथे पहिल्याच बाळालाही धोका असतो. युरोपीय वंशाच्या सुमारे 2 टक्के स्त्रियांमध्ये ‘एचपीए-1ए’ हे प्रथिन नसतं. भारतात असं क्वचितच आढळतं.

अंगावर लाल-जांभळे बारीक ठिपके, नाळेतून न थांबणारं रक्त, झटके किंवा सुस्ती दिसली, तर थांबू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. 108 ला फोन करून नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. पपईच्या पानांचा रस बाळाला अजिबात नको.

रुग्णालयात प्लेटलेट्स आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन देतात. दुसऱ्या प्रकारात आईच्याच प्लेटलेट्स चालतात, कारण त्यांवर ते प्रथिनच नसतं. मात्र प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा धुऊन काढावा लागतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं काही आठवड्यांत ओसरतात.

रक्तगट आणि प्रतिपिंडांवर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी काम करते. तिची सुरुवात 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली.

यात आईने काय खाल्लं, काय उचललं याचा काहीही संबंध नाही. पण पुढच्या खेपेला त्रास तितकाच किंवा जास्त होऊ शकतो. म्हणून पहिल्या बाळाची डिस्चार्ज फाइल जपून ठेवा आणि दिवस राहताच डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणातच आईला इम्युनोग्लोब्युलिन देता येतं.