मोडलं तर कुठं मिळणार? : नांदेड-लातूरच्या एका खेळण्याचा इतिहास

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय कळल्यावर एक ज्येष्ठ स्नेही मला म्हणाले, "अहो, मराठवाड्याचा इतिहास म्हणजे निजाम, मुक्तिसंग्राम, दुष्काळ. खेळण्यावर काय बोलणार तुम्ही?" विषय काही मी बदलला नाही. एखादी वस्तू आपल्या गावात कधी आली, कोणत्या वाटेनं आली आणि आल्यावर तिला हात लावायचा हक्क कुणाला मिळाला, हाही इतिहासच आहे. वस्तू साधी आहे. ट्रकचा माणूस होतो, माणसाचा परत ट्रक होतो. तुमच्यातल्या चाळिशीच्या लोकांना लगेच कळलं असेल.

हे खेळणं मुळात जपानी. टोकियोच्या टाकारा कंपनीनं १९७४ मध्ये मायक्रोमॅन ही मालिका काढली आणि १९८० मध्ये डायाक्लोन. डायाक्लोनमधल्या मोटारींचे रोबो व्हायचे आणि आत बोटाच्या पेराएवढा एक चालक बसायचा. म्हणजे यंत्र हे यंत्रच होतं, चालवणारा वेगळा. हेन्री ओरेन्स्टाइन नावाचे एक खेळणी-संशोधक होते. जन्म पोलंडचा, ज्यू कुटुंबातला. नाझी छळछावण्यांतून वाचून ते अमेरिकेला गेले. त्यांनी अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीला हे रोबो घ्यायला लावलं आणि १९८४ मध्ये ते 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावानं बाजारात आले. नावं, स्वभाव, आपसातलं वैर हे सगळं मार्व्हल कॉमिक्सच्या लेखकांनी रचलं. आतला चालक गेला आणि यंत्रालाच जीव आला. तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, फोर्ट्रेस मॅक्झिमस आला. उंची जवळपास बावीस इंच. त्याचं अख्खं शहर व्हायचं. त्याचं डोकं काढलं की त्या डोक्याचा दुसरा रोबो, आणि त्या रोबोच्या डोक्याचा आणखी एक छोटा माणूस. पुढं पंचवीसेक वर्षं त्या घराण्यात त्याच्याहून मोठं खेळणं निघालं नाही.

त्या वेळी आपल्याकडं काय होतं? पोळ्याला मातीचे बैल होते. नांदेडहून भोकर-भैंशामार्गे गेलं की निर्मळ लागतं, तिथली हलक्या लाकडाची रंगीत खेळणी होती. तारेला वाकवून, तुटक्या स्लीपरची चाकं कापून पोरं गाडी करायची. या सगळ्या खेळण्यांत एक सोय होती. मातीचा बैल मोडला तर मोडला, पुढच्या पोळ्याला नवा.

१९८४ च्या सुमारास देशभर दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं झाली आणि टीव्ही तालुक्यापर्यंत आला. 'जायंट रोबोट' आणि 'ही-मॅन' आम्ही त्यावरच पाहिले. डोळ्यांना रोबो मिळाला, हाताला नाही. ग्राहकोपयोगी वस्तू बाहेरून आणायला तेव्हा जवळजवळ बंदीच होती. १९९१ च्या सुधारणांनीही या वस्तूंना फारसा हात लावला नाही. ते निर्बंध शेवटी उठले १ एप्रिल २००१ ला, तेही जागतिक व्यापार संघटनेत आपण खटला हरल्यावर. तोवर परदेशी खेळणं घरात यायची वाट एकच होती, आखातातून येणाऱ्या नातेवाइकाची बॅग.

माझा मामा आखातात नोकरीला होता. १९८८ मध्ये त्यानं एक ट्रक आणला. खोक्यावर जपानी अक्षरं. ट्रकचा रोबो होत होता. तो आणल्या दिवशीच शोकेसमध्ये गेला. आमच्या पिढीला शोकेस म्हणजे काय ते सांगायला नको. काचेमागं चिनी मातीची बदकं, स्टीलचा ताजमहाल, न वापरलेला टी-सेट, आणि मधोमध माझा ट्रक. "अण्णा, एकदाच उघडू द्या की." "नको रे. मोडलं तर कुठं मिळणार?" अण्णांच्या या एका वाक्यात देशाचं आयात धोरण बसलेलं आहे. तेव्हा मात्र मला त्यात फक्त अण्णा दिसायचे.

गंमत अशी, की पाहुणे आले की अण्णा स्वतः ट्रक बाहेर काढायचे. चष्मा लावून, हळूहळू, एकेक सांधा फिरवून त्याचा रोबो करायचे. पाहुण्यांचा चहा निवायचा. मी शेजारी बसून पायऱ्या पाठ केल्या. एका दुपारी सगळे लग्नाला गेले होते. मी काच सरकवली, तो उघडला आणि परत मिटताना उजव्या खांद्याची खुंटी तुटली. फेविकॉलनं ती धरली नाही. ट्रकच्या रूपात तुटलेलं दिसत नाही, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून त्याचा ट्रक करून ठेवून दिला. पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा अण्णांनी तो हातात घेतला, खांद्यापाशी बोट फिरवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "हा आता ट्रकच आहे." मला ते कधीच काही बोलले नाहीत.

असो. आपल्या देशात असं खेळणं तेव्हा का झालं नाही? एमआरएफ समूह आणि हॅस्ब्रो यांची फनस्कूल १९८७ मध्ये सुरू झाली, कारखाना गोव्यात. त्यांनी जी. आय. ज्यो हे सैनिक भारतात बनवले. परदेशातले संग्राहक आज तेच भारतीय सैनिक शोधत असतात, कारण त्यांची रंगसंगती इतर कुठं मिळत नाही! पण सैनिकाला सांधे मोजकेच. रूप बदलणाऱ्या रोबोत वीस-पंचवीस तुकडे दोन्ही आकारांत नेमके बसावे लागतात. साचा केसभर हुकला तर दार मिटत नाही किंवा हात गळून पडतो.

२००१ नंतर मात्र बांध फुटला. हैदराबादच्या बेगम बाजारातून माल नांदेडला, तिथून माळेगावच्या यात्रेत. लातूरला गंजगोलाईच्या भोवती आणि सिद्धेश्वराच्या यात्रेत. पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बसवलेला रोबो, नावाचं स्पेलिंग चुकलेलं, पन्नास-साठ रुपयांत. २००७ च्या सिनेमानंतर तर विचारूच नका. हा 'चायना माल' दुसऱ्या दिवशी मोडायचा. मग माझे भाचे सुई तापवून भोक पाडायचे, स्टोव्हची पिन घालायचे, एका रोबोचा पाय दुसऱ्याला लावायचे. माझं मत स्पष्ट आहे. जपानमध्ये ज्यानं हे खेळणं कल्पिलं, त्याला जे हवं होतं ते शोकेसमधल्या अस्सल ट्रकनं आमच्या घरात केलं नाही. ते या नकली रोबोनं केलं. त्यात कसलं प्लास्टिक होतं, कसला रंग होता, हा प्रश्न खराच आहे. सरकारनं जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांवर बंदी घातली, पुढं ती सैल केली. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेची खूण सक्तीची झाली. आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३ मध्ये सत्तर.

या सत्तर टक्क्यांची मला आठवण करून देतो तो लातूरचा एक मित्र. तो लातूर पॅटर्नचा विद्यार्थी. दहावीनंतर सकाळी पाचला उठून क्लासला जाणारा, त्यामुळं खेळण्याचं वय कधी संपलं ते त्याला कळलंच नाही. इंजिनिअर झाला, पुण्यात कमावलं, परत आला. आता त्याच्याकडं २०१६ मध्ये नव्यानं निघालेला फोर्ट्रेस मॅक्झिमस आहे, दोन फूट उंच. त्यासाठी काचेचं कपाट केलंय, कुलूप लावलंय. ऐंशीच्या दशकातले जुने रोबोही त्यानं मिळवलेत. त्यांचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. काही सोनेरी प्लास्टिक तर हात लावताच भुगा होतं, आणि आपल्या उन्हाळ्याची भीती वेगळीच. म्हणून तो ते उघडत नाही. त्याची सात वर्षांची मुलगी काचेला नाक लावून उभी असते. मी काही बोललो नाही. मला कोण अधिकार? पण मला अण्णांचा चष्मा आठवला.

त्याच मित्रानं मागच्या महिन्यात माझ्या ट्रकची खुंटी मोजून घेतली आणि थ्री-डी प्रिंटरवर नवीन करून दिली. रंग जरा वेगळा आहे, पण बसली. ट्रक मी आज आणलाय, तो बघा टेबलावर. प्रश्नोत्तरं झाली की मुलांना पुढं येऊ द्या. उघडायचा कसा ते मी दाखवतो. उजवा खांदा मात्र आधी फिरवायचा, मग छाती. उलटं केलं की अडकतो.