न्यायाधीशांचे निरंतर शिक्षण : शास्त्र्यांच्या व्यवस्थापत्रांपासून न्यायिक अकादमीपर्यंत

प्रस्तावना

न्यायाधीशाने सेवाकाळात सतत शिकत राहावे, याबद्दल सहसा दुमत नसते. त्याने कोणाकडून शिकावे, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु न्यायाधीशाला शिकविणारा त्याच्या निर्णयावर प्रभाव तर टाकणार नाही ना, ही शंका लगेच उपस्थित होते. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात ब्रिज कार्यगटाने याच संकोचापोटी ‘प्रशिक्षण’ हा शब्द टाळून ‘न्यायिक अध्ययन’ हा शब्द पसंत केला, आणि १९७९ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाला तेच नाव मिळाले. भारतात हा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. न्यायाधीशाचे शिक्षण ही आपल्याकडे मुख्यतः सेवाप्रवेशाच्या वेळची बाब मानली गेली व त्यानंतरचे शिक्षण दुय्यम राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मुंबई इलाख्यातील पूर्वपीठिका

एल्फिन्स्टनच्या काळात तयार झालेल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी दाव्यांत, लिखित कायदा नसेल तेथे, देशातील रूढीला अग्रक्रम दिला होता. रूढी कोणती हे इंग्रज न्यायाधीशाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा संग्रह याच गरजेतून केला. दुसरीकडे, न्यायालयांना जोडलेले शास्त्री न्यायाधीशाने लेखी विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर, म्हणजे ‘व्यवस्था’, देत असत. दत्तक, वारसा, विभागणी, विधवेचा हक्क अशा विषयांवरील ही उत्तरे वर्षानुवर्षे साठत गेली.

१८६४ च्या कायद्याने न्यायालयीन शास्त्री व मौलवी यांची पदे रद्द झाली. मात्र उत्तरे वाया गेली नाहीत. रेमंड वेस्ट आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापक जॉर्ज ब्यूलर यांनी इलाख्यातील न्यायालयांतून आलेल्या या व्यवस्था संकलित करून हिंदू कायद्याचा संग्रह सिद्ध केला. त्याचा वारसाविषयक पहिला भाग १८६७ मध्ये व विभागणीविषयक दुसरा भाग १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचा विचार सामान्यतः हिंदू कायद्याच्या इतिहासात केला जातो. न्यायाधीशांच्या शिक्षणाच्या इतिहासातही त्याला स्थान मिळावयास हवे. कारण येथे अभ्यासक्रम कोणी वरून ठरविलेला नव्हता. निरनिराळ्या जिल्ह्यांतील न्यायाधीशांना प्रत्यक्ष पडलेले प्रश्न हाच अभ्यासक्रम होता.

अर्थात या पद्धतीचा गौरव करण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणारा परका होता आणि उत्तर देणारा शास्त्री ग्रंथप्रामाण्य मानणारा होता. ज्या जातींचा व्यवहार ग्रंथांवर चालत नव्हता, त्यांच्यावरही ग्रंथातील नियम लादले जाण्याचा धोका होता, आणि रूढीला अग्रक्रम देणाऱ्या रेग्युलेशनच्या हेतूला त्यामुळे बाधा येत होती. शिकविणाऱ्याचा पूर्वग्रह शिकणाऱ्याच्या निकालात उतरतो, ही आजची शंका तेव्हाही निराधार नव्हती.

स्वातंत्र्योत्तर वाटचाल

संविधानाच्या २३५ व्या अनुच्छेदाने जिल्हा व त्याखालील न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले. त्यामुळे ‘कोणी शिकवावे’ या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः मिळाले होते. व्यवस्था उभी राहण्यास मात्र बराच काळ लागला. न्या. डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८६ मध्ये आपला ११७ वा अहवाल याच विषयावर दिला. १९९१ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्य पातळीवर सेवांतर्गत प्रशिक्षण संस्था एका वर्षात स्थापण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय न्यायिक अकादमीची नोंदणी १९९३ मध्ये झाली. भोपाळ येथील तिच्या वास्तूचे उद्घाटन २००२ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्रात नागपूरची न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्था आणि भाईंदरनजीक उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमी या कामी आहेत.

याच याचिकेतील पुढील निर्णय अधिक बोलके आहेत. १९९३ मध्ये न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट आवश्यक ठरविली. २००२ मध्ये न्या. जगन्नाथ शेट्टी आयोगाच्या शिफारशींच्या आधारे ती काढली आणि नवपदवीधरांना किमान एक वर्षाचे, शक्यतो दोन वर्षांचे प्रशिक्षण द्यावे असे सांगितले. २० मे २०२५ रोजी तीन वर्षांची अट पुढील भरतीसाठी पुन्हा आली; मात्र न्यायासनावर बसण्यापूर्वी वर्षभराचे प्रशिक्षण हवे, हेही न्यायालयाने नमूद केले. म्हणजे तीन दशकांचा वाद ‘अनुभव की अकादमी’ या प्रवेशद्वारापाशीच घुटमळत राहिला. दहा-पंधरा वर्षे सेवा झालेल्या न्यायाधीशाचे काय, हा प्रश्न त्यात मागे पडला.

निधी हेही एकमेव कारण नव्हे. तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेकरिता ५००० कोटी रुपये सुचविले; त्यांपैकी २५० कोटी न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होते. एकूण तरतुदीतील मोठा भाग खर्चच झाला नाही.

वर्तमान व पुढील दिशा

सेवेतील शिक्षणाची निकड आज दोन बाजूंनी जाणवते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विनयभंगाच्या आरोपीने फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घ्यावी, ही मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने घातलेली जामिनाची अट रद्द केली आणि न्यायाधीशांच्या लिंगभावविषयक प्रशिक्षणाची आवश्यकता अधोरेखित केली. अट उच्च न्यायालयाची होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण सक्तीचे प्रशिक्षण कनिष्ठ स्तरावर असते, वरच्या स्तरावर नाही. दुसरी बाजू कायद्यांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम लागू झाले. वर्षानुवर्षे मुखोद्गत झालेली कलमे बदलली. जुने खटले जुन्या कायद्याने, नवे नव्या कायद्याने, असे दोन्ही संच काही काळ मनात ठेवावे लागणार आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र तपासणे हे तर तांत्रिक काम झाले आहे.

अशा वेळी केवळ निवासी व्याख्यानांवर विसंबणे पुरेसे वाटत नाही. आपले उद्बोधन व उजळणी वर्ग पदोन्नतीशी जोडले गेल्यावर प्रमाणपत्राला जे महत्त्व आले, ते वाचकांना सांगावयास नको. राज्यातील अकादम्यांनी तालुका व जिल्हा न्यायालयांतून प्रक्रियेविषयीचे व नव्या कलमांविषयीचे प्रश्न, प्रलंबित खटल्यांचा तपशील वगळून, नियमितपणे मागवावेत, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली त्यांवर टिपणे तयार करावीत आणि ती सर्व न्यायाधीशांपर्यंत पोहोचवावीत. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली आहे. त्यामुळे हा संग्रह प्रथमपासून मराठीत करणे सयुक्तिक ठरेल, आणि त्यासाठी विधी महाविद्यालयांतील अध्यापकांचे साहाय्य घेता येईल.