हॉगार्थ आणि चित्रांची किंमत

चित्रकारानें स्वतः भाव ठरवावा आणि दुकान मांडावें, हें आपल्या सुशिक्षित समाजास अद्याप थोडें अप्रशस्त वाटतें. कलावंतानें कला करावी, व्यवहार दुसऱ्यानें पाहावा, असा आपला संकेत. परंतु हा दुसरा कोण, आणि तो कलावंताच्या पदरांत काय टाकतो, हें आपण क्वचितच विचारतों. विल्यम हॉगार्थ (१६९७-१७६४) या इंग्रज चित्रकारानें हा प्रश्न विचारला, व त्याचें उत्तर स्वतःच्या घरींच चित्रविक्री मांडून दिलें.

त्या काळीं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांचा धंदा लंडनच्या चित्रविक्रेत्यांच्या मुठींत होता. एखादें चित्र खपूं लागलें कीं त्याची नक्कल कोरवून ती स्वस्तांत विकावयाची, ही त्यांची रीत. १७२४ सालीं तरुण हॉगार्थच्या एका चित्राच्या नकला अर्ध्या किंमतीस विकल्या गेल्या, आणि मूळ ठसे न खपतां त्याच्याकडे परत आले. चित्र त्याचें, नफा मात्र दुसऱ्यांचा!

पुढें ‘हार्लट्स प्रोग्रेस’ ही सहा चित्रांची माला काढतांना त्यानें विक्रेत्यांस बाजूस सारून लोकांकडूनच आगाऊ वर्गणी घेतली. संचाची किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. अर्धी रक्कम आधीं, अर्धी चित्रें हातीं आल्यावर. तांबें, कागद व छपाई यांचा खर्च अशा रीतीनें निघाला, आणि किती प्रती लागतील याचाही अंदाज आला. १७३२ सालीं बाराशेंहून अधिक संच वर्गणीदारांकडे गेले. पण नकलाकार याही वेळीं स्वस्थ बसले नाहींत.

तेव्हां हॉगार्थ व त्याचे कांहीं सहकारी पार्लमेंटकडे गेले. १७३५ च्या कायद्यानें स्वतःच्या कल्पनेनें चित्र कोरणाऱ्यास १४ वर्षें त्याचा हक्क मिळाला. नकलेच्या प्रत्येक ठशामागें पांच शिलिंग दंड ठरला. कायदा अमलांत येईपर्यंत हॉगार्थनें ‘रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची नवी माला रोखून धरली आणि जूनच्या २५ तारखेस ती प्रसिद्ध केली. मोठ्या संचाची किंमत वर्गणीची मुदत संपल्यावर दोन गिनी होती. परंतु ज्यांना ती परवडणार नव्हती, त्यांच्यासाठीं त्यानें लहान आकाराच्या नकला स्वतःच्या संमतीनें अडीच शिलिंगांस काढविल्या. नकलाकारांचें गिऱ्हाईकच त्यानें अशा रीतीनें आपल्याकडे वळविलें.

गिऱ्हाईक पाहून भाव ठरविण्याची ही दृष्टि पुढेंही दिसते. उमेदवारांना उद्योगाचा धडा देणारीं ‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ मालेचीं बारा चित्रें त्यानें १७४७ सालीं बारा शिलिंगांस दिलीं. १७५१ सालीं ‘जिन लेन’ व ‘बिअर स्ट्रीट’ हीं चित्रें एकेक शिलिंगास निघालीं. चांगल्या कागदावर दीड शिलिंग. त्याच वर्षींच्या क्रौर्यावरील मालेसाठीं त्यानें लांकडी ठसेही करवून पाहिले, पण ते अपेक्षेहून महाग पडल्यामुळें दोनांवरच थांबावें लागलें. तरीही एक शिलिंग म्हणजे साध्या मजुराची सुमारें अर्ध्या दिवसाची कमाई. ज्यांच्यासाठीं हीं चित्रें होतीं, त्यांतील पुष्कळांना तीं दुकानाच्या खिडकींतूनच पाहावीं लागलीं असतील. स्वस्ताईलाही मर्यादा असते, ती अशी.

याउलट, याच चित्रांच्या मूळ रंगीत कृतींचें काय झालें पाहा. १७४५ च्या विक्रींत ‘हार्लट’चीं सहाही चित्रें प्रत्येकी १४ गिनींस गेलीं; एकूण ८४ गिनी. त्यांचे ठसे बाराशें घरांत प्रत्येकी एका गिनीस गेले होते! ‘मॅरेज आ-ला-मोड’चीं सहा चित्रें १७५१ सालीं चौकटींसह अवघ्या १२० गिनींस विकलीं गेलीं, तींच १७९७ सालीं १,००० गिनींस घेतलीं गेलीं. श्रीमंत रसिक परदेशीय जुन्या चित्रांवर लुब्ध होता; हॉगार्थला तारलें तें मध्यम स्थितींतील गिऱ्हाइकानें.

आमच्या मतें हॉगार्थची खरी मिळकत गिनींत मोजण्याजोगी नाहीं. भाव ठरविण्याचा अधिकार हातीं राहिल्यामुळें कोणत्या विषयावर कुंचला चालवावा, हें ठरविण्याचा अधिकारही त्याच्याच हातीं राहिला. उमरावांचा पोकळ डौल आणि न्यायाधीशांची झोंप हीं एखाद्या आश्रयदात्याच्या पैशानें इतक्या मोकळेपणीं चितारतां आलीं असतीं, असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय तांब्याचे पत्रे त्यानें आपल्याजवळच राखले होते. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी जेन हिनें त्याच पत्र्यांवरून ठसे काढून विकले. १७६७ च्या कायद्यानें तिला त्या चित्रांवर आणखी वीस वर्षांचा हक्क दिला. कलेच्या बाजाराला नाक मुरडणाऱ्यांनीं त्या विधवेच्या निर्वाहाचाही एकदां विचार करावा.