आक्षीचा शिलालेख आणि ख्रिस्तपुराण : दोन भाषांची पहाट

कोणत्याही भाषेचे साहित्य एकाएकी जन्मास येत नाही. बहुधा प्रथम व्यवहाराची नोंद होते आणि मागाहून श्रद्धेची वाणी अक्षरांत उतरते. मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांच्या आरंभी हाच क्रम दिसतो.

दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्यास उतरून मुरूड, रेवदंडा, नागाव या वाटेने अलिबागकडे निघाल्यास आक्षी हे गाव लागते. तेथील शिलालेखात शिलाहार राजा केसिदेव याचे नाव असून देवीसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा येतो. हे वाचन स्वीकारले, तर मराठीचा सर्वांत जुना कालोल्लेखित लेख आपल्याच किनाऱ्यावर आहे. ग्रंथरचना त्यानंतरची. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झाली.

इंग्रजीचेही असेच घडले. पोप ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टीन इ.स. ५९७ मध्ये केंट येथे पोहोचले. तेथील राजा एथेलबर्ट याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या राजवटीतील कायदे हे इंग्रजीतील सर्वांत जुने लेखन मानले जाते. पुढे व्हिटबी येथील मठात, संत हिल्डा मठाधिपती असताना, कॅडमन नावाच्या निरक्षर गुराख्याने सृष्टिकर्त्याचे स्तोत्र रचले. ही हकीकत संत बीड यांनी इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या लॅटिन इतिहासात नोंदविली आहे. विद्वानांची भाषा लॅटिन असताना ईश्वराची स्तुती गुराख्याच्या बोलीत झाली, हे विशेष.

या दोन भाषांची भेट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ठायी झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू इ.स. १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण इ.स. १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पोर्तुगीज राज्यकर्त्यांची भाषा होती, लॅटिन उपासनेची. तरीही तारणाची कथा भाविकांना ओळखीच्या छंदात ऐकता यावी म्हणून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या.

मात्र हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली ती इ.स. १९५६ मध्ये. तब्बल ३४० वर्षे मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील हा ठेवा आपल्या लिपीत छापील मिळाला नव्हता.

आज लिपीची अडचण उरलेली नाही; वाचणाऱ्यांची उणीव मात्र भासते. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले मायबोलीत प्रार्थना म्हणतात, पण ती वाचताना अडखळतात. त्यांच्यासमवेत रोज चार ओव्या वाचण्याचा परिपाठ प्रत्येक कुटुंबाने ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.